बालाजीचं कर्ज आणि अंबाबाईचा शालू: एका स्थलपुराणाची उकल

नवरात्रात कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो: तिरुमला तिरुपती देवस्थानाकडून आलेला शालू अंबाबाईला अर्पण होतानाचा. फोटो आला की त्याच्यामागोमाग वादही येतो. एक पक्ष म्हणतो, बालाजी हा अंबाबाईचा नवरा, तेव्हा नवऱ्याकडून बायकोला साडी येणारच. दुसरा म्हणतो, अंबाबाई ही आदिशक्ती, ती कुणाची बायको नव्हे. शालू मान म्हणून घ्या, पण नातं चिकटवू नका. मधल्या मध्ये साधा भक्त गोंधळतो. त्यानं लहानपणापासून दोन गोष्टी ऐकलेल्या असतात. लक्ष्मी रुसून कोल्हापूरला आली, ही एक. बालाजीनं लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं आणि ते तो अजून फेडतोय, ही दुसरी. हे एकाच कथेचे दोन तुकडे आहेत, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात आलेलं नसतं.

ती अख्खी कथा, ती आली कुठून आणि तिच्यावरच्या आक्षेपांना उत्तर काय, हे इथे क्रमानं मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या कथेत कोणाचं कोणाशी नातं आणि कोणाचं कोणाला देणं, हे लिहून ठेवलं आहे आणि ते आजही पाळलं जातं. वाद होतो तो आपण तिच्याकडे भलत्याच गोष्टीचा पुरावा मागतो म्हणून.

## स्थलपुराण म्हणजे काय

मोठ्या देवस्थानाची स्वतःची एक कथा असते. देव इथेच का आला, हे तीर्थ कशानं पवित्र, इथे अमुक विधी का करतात, हे ती सांगते. तिला स्थलपुराण किंवा माहात्म्य म्हणतात. तिरुमलाचं स्थलपुराण म्हणजे ‘वेंकटाचल माहात्म्य’. तो एका लेखकानं एका बैठकीत लिहिलेला ग्रंथ नाही. वराह, पद्म, स्कंद, भविष्योत्तर अशा वेगवेगळ्या पुराणांच्या नावांवर असलेले भाग त्यात एकत्र आणलेले आहेत. म्हणून एकाच घटनेच्या दोन-तीन तऱ्हा त्यात सापडतात आणि संकलन करणाऱ्यांना त्याची अडचण वाटलेली नाही. आपण ऐकतो ती लग्नाची आणि कर्जाची कथा मुख्यतः भविष्योत्तर पुराणाच्या नावावरच्या भागातली आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिरुमलावर हे माहात्म्य वाचलं जात होतं, अशी शिलालेखात नोंद आहे.

स्थलपुराण वाचायचं कसं? मला विचाराल तर सातबाऱ्यासारखं. सातबारा वाचून कोणी गावाचा इतिहास लिहीत नाही. जमीन कोणाच्या नावावर, कूळ कोण, ‘इतर हक्का’त काय, बोजा कोणाचा, एवढंच त्यात पाहायचं असतं. तेवढ्यापुरता तो कागद पक्का असतो आणि त्यावर लोकांचे व्यवहार चालतात. वेंकटाचल माहात्म्य याच नजरेनं वाचलं की मालक, कूळ, बोजा आणि इतर हक्क असे चारही रकाने त्यात भरलेले दिसतात.

## भृगूची लाथ

गंगेच्या काठी ऋषींचा यज्ञ चाललेला असतो. नारद येऊन विचारतात, या यज्ञाचं फळ कोणाला अर्पण करणार? ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यात श्रेष्ठ कोण हे ठरवायला भृगू ऋषींना पाठवतात. ब्रह्मदेव आपल्या सभेत दंग, शंकर पार्वतीसोबत एकांतात. दोघंही भृगूंकडे लक्ष देत नाहीत. वैकुंठात विष्णू शेषावर पहुडलेले. तेही बघत नाहीत म्हणताच भृगू थेट त्यांच्या छातीवर लाथ मारतात. विष्णू उठतात आणि उलट ऋषींचाच पाय चेपू लागतात: माझी छाती कठीण, तुमच्या कोमल पायाला लागलं तर नाही ना?

लहानपणी ही गोष्ट आपल्याला विष्णूच्या सहनशीलतेची म्हणून सांगितली जाते. पण तिथे आणखी एक व्यक्ती आहे आणि लाथ तिलाही लागली आहे. विष्णूची छाती हे लक्ष्मीचं घर. ती म्हणते, माझ्या राहत्या जागेवर लाथ बसली आणि तुम्ही लाथ मारणाऱ्याचेच पाय चेपता? ती वैकुंठ सोडते आणि करवीरला, म्हणजे कोल्हापूरला येते.

आपण याला ‘लक्ष्मी रुसली’ म्हणतो. मला तो शब्द तोकडा वाटतो. रुसवा लाडीगोडीनं जातो. इथे लक्ष्मीचा प्रश्न मानाचा आहे आणि अख्ख्या कथेत तिला कोणीही चूक ठरवत नाही. पुढे जे जे घडतं, ती तिच्या जाण्याची किंमत आहे आणि ती विष्णूला मोजावी लागते.

## वारूळ, गाय आणि दुसऱ्याच्या मालकीची जागा

लक्ष्मी गेल्यावर वैकुंठात विष्णूचं मन लागेना. तो पृथ्वीवर उतरला आणि वेंकटाचलावर, स्वामी पुष्करिणी या तळ्याजवळ, चिंचेच्या झाडाखालच्या एका वारुळात जाऊन बसला. त्याची उपासमार होऊ नये म्हणून ब्रह्मा आणि शंकर गाय-वासरू झाले आणि लक्ष्मीनं गवळणीच्या वेषात ती गाय तिथल्या चोळ राजाला विकली. सोडून गेलेल्या बायकोनं दुरून केलेली ही सोय कथाकारानं एका ओळीत उरकली आहे, पण माझ्या मते कथेतला हा सर्वांत हळवा भाग आहे.

गाय रोज वारुळात पान्हा सोडून यायची. वाड्यावर दूध कमी पडू लागलं. गुराख्यानं पाळत ठेवली आणि रागानं गाईवर कुऱ्हाड उगारली. विष्णूनं वारुळातून वर येऊन तो घाव स्वतःच्या डोक्यावर घेतला. या घावानं तिथले केस गेले आणि नीलादेवी नावाच्या गंधर्वकन्येनं आपले केस कापून तिथे लावले, असं लोक सांगतात. तिरुमलाच्या सात डोंगरांपैकी नीलाद्री तिच्या नावाचा मानतात आणि भक्त जे मुंडण करतात त्याचा संबंध या दानाशी जोडतात. मुंडणाच्या जागेला तिथे कल्याणकट्टा म्हणतात.

आता सातबाऱ्याकडे. हा डोंगर विष्णूच्या नावावर नव्हता. तो वराहस्वामींचा. श्रीनिवासानं (वेंकटाचलावरच्या विष्णूचं हे नाव) त्यांच्याकडे राहायला शंभर पावलांची जागा मागितली. द्यायला पैसे नव्हते. तेव्हा ठरलं असं की माझ्याकडे जो भक्त येईल त्यानं आधी तुमचं दर्शन घ्यावं, पहिली पूजा तुमची, पहिला नैवेद्य तुमचा. पुष्करिणीच्या काठावर वराहस्वामींचं देऊळ आहे आणि जाणते भक्त आजही आधी तिथे जाऊन मग बालाजीच्या रांगेत उभे राहतात. जगातल्या अतिश्रीमंत देवस्थानांत ज्याची गणना होते, तो देव स्वतःच्या जागेवर कूळ आहे. स्थलपुराण हे लपवत नाही, पहिल्याच पानावर लिहितं.

## कर्जाचा कागद

आकाशराजाला जमीन नांगरताना सोन्याच्या कमळात एक मुलगी सापडली. तीच पद्मावती. शिकारीला गेलेल्या श्रीनिवासानं तिला पाहिलं आणि तो प्रेमात पडला. वकुळादेवीनं, जी मागच्या जन्मीची यशोदा आणि या जन्मीची त्याची मानलेली आई, मागणी घातली. श्रीनिवास स्वतः भविष्य सांगणाऱ्या बाईचं सोंग घेऊन राजवाड्यात गेला आणि पद्मावतीच्या मनातलं तिच्या आईसमोर बोलून आला. लग्न ठरलं. पण मुलाकडच्या खर्चाला हातात दमडी नव्हती.

मग कुबेराला बोलावणं गेलं. इथे माहात्म्यातला जो भाग येतो तो मूळ संस्कृतात जरूर वाचावा, कारण पुराणकथेच्या मधोमध चक्क एक कर्जरोखा लिहिलेला आहे. ऋण घेणारा श्रीनिवास. धन देणारा धनेश्वर, म्हणजे कुबेर. कारण: स्वतःचं लग्न. तिथी: विलंब नाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी. रक्कम: रामाची मुद्रा असलेले १४ लाख निष्क, म्हणजे सोन्याची नाणी. मुद्दल व्याजासकट परत करण्याची कबुली. साक्षीदार पहिला ब्रह्मदेव, दुसरा शंकर आणि तिसरा अश्वत्थ, म्हणजे पिंपळ.

लोकांच्या तोंडी हीच रक्कम १ कोटी १४ लाख झाली आहे आणि मुदतही ठरून गेली आहे: कलियुगभर व्याज, कलियुगाच्या शेवटी मुद्दल. देवळातल्या हुंडीत जे पडतं ते या व्याजापोटी जातं, अशी भक्तांची भावना आहे. हुंडी म्हणजे देवळातलं दानपात्र. तिरुमलावर ते कापडात गुंडाळलेलं मोठं भांडं असतं. डोंगराच्या पायथ्याशी तिरुपती गावात गोविंदराजस्वामींचं देऊळ आहे. तिथला देव माप उशाला घेऊन निजला आहे. धाकट्या भावाच्या कर्जफेडीचे पैसे मापता मापता थोरला भाऊ दमला, असं तिथे सांगतात.

मला या रोख्याचं फार कौतुक वाटतं. ज्यानं तो लिहिला त्याला सावकारी व्यवहार आतून माहीत होता. घेणारा, देणारा, कारण, तारीख, रक्कम, व्याज, साक्षी: एकही रकाना रिकामा नाही. देवाला कर्जदार करायचं तर ते तोंडी नको, कागदावर हवं, हा त्याचा आग्रह आहे.

## ‘पण लक्ष्मीच्या नवऱ्याला कर्ज कशाला लागेल?’

हा सर्वांत स्वाभाविक प्रश्न आणि त्याचं उत्तर कोल्हापुरात आहे. लक्ष्मी घरात नव्हती, म्हणून. कथेचे दोन तुकडे नेमके इथे जोडले जातात. लक्ष्मीचा मान राहिला नाही, ती करवीरला गेली, मागे विष्णूकडे काही उरलं नाही, जागा मागून घ्यावी लागली, लग्नाला कुबेरापुढे हात पसरावा लागला. करवीरची घटना काढून टाकली तर कर्जाला कारणच उरत नाही.

आणि लक्ष्मी लग्नाला आलीच. तिच्याशिवाय श्रीनिवासाला लग्न गोड लागेना, म्हणून त्यानं सूर्याला करवीरला पाठवलं आणि ‘मी आजारी आहे’ असा निरोप द्यायला सांगितलं. ती धावत आली. तिनं या लग्नाला मान्यता दिली, कारण पद्मावती म्हणजे पूर्वीची वेदवती. रामावतारात सीतेच्या जागी तिनं कष्ट भोगले आणि पुढच्या काळात तिचा स्वीकार करण्याचा शब्द तिला दिलेला होता. लग्न लागलं आणि लक्ष्मी पुन्हा करवीरला परतली. ती आली ती पाहुणी म्हणून. घर पुन्हा मांडायला ती आली नाही.

## ‘मग पद्मावती हीच लक्ष्मी, की दुसरी?’

दोन्ही उत्तरं माहात्म्यात आहेत. आत्ता सांगितलेल्या कथेत ती वेगळी, आकाशराजाची मुलगी. पण तिरुपतीजवळच्या तिरुचानूरला पद्मावतीचं जे देऊळ आहे, तिथली कथा निराळी. तिच्यात विष्णू लक्ष्मीला शोधत कोल्हापूरला येतो, पुष्कळ काळ आराधना करतो, पण ती दर्शन देत नाही. आकाशवाणी होते की सुवर्णमुखी नदीच्या काठी जा, तळं कर, कमळं लाव, तप कर. तो तसं करतो आणि कार्तिक शुद्ध पंचमीला लक्ष्मी त्या तळ्यातल्या कमळातून प्रकट होते. तिथे पद्मावती ही लक्ष्मीच आहे. आजही त्या पंचमीला तिरुचानूरच्या पद्म सरोवरात स्नानाला लोटणारी गर्दी प्रचंड असते आणि तिरुमलाहून देवीसाठी साडी, हळद-कुंकू वाजतगाजत येतं.

दोन कथांत विसंगती आहे हे उघड आहे. ती मिटवायच्या भरीला मी पडणार नाही. लक्षात घ्यावं ते हे की दोन्ही कथांना कोल्हापूर लागतं. एकीत लक्ष्मी तिथेच राहते, दुसरीत विष्णू तिला तिथे शोधायला येतो.

याचं ऐतिहासिक कारण शोधायचं तर फार लांब जावं लागत नाही. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादानं राज्य मिळालेले म्हणवत. अकराव्या-बाराव्या शतकात करवीरच्या महालक्ष्मीची कीर्ती दक्षिणेत दूरवर पोचलेली होती. ‘लक्ष्मी कुठे गेली असेल?’ असा प्रश्न वेंकटाचलाच्या कथाकाराला पडला, तेव्हा त्याला सर्वांत मोठं आणि सर्वांना माहीत असलेलं पीठ हेच सुचलं असणार, असं मला वाटतं.

## ‘हे सगळं मागाहून रचलेलं नाही का?’

तिरुमला या कथेपेक्षा जुनं आहे, हे खरं. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ ग्रंथाच्या प्रस्तावनेत वेंगडम ही तमिळ प्रदेशाची उत्तर सीमा म्हणून येते. वेंगडम म्हणजे हाच डोंगर. शिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्यात शंख-चक्र घेतलेला विष्णू या डोंगरावर उभा असल्याचं वर्णन आहे. पुढे आळ्वारांनी, म्हणजे तमिळ वैष्णव संतकवींनी, त्याच्यावर पदं रचली. समवै नावाच्या पल्लव राणीनं इथे चांदीची मूर्ती दिली. कृष्णदेवराय १५१३ पासून सात वेळा दर्शनाला आला; दोन राण्यांसह हात जोडून उभी असलेली त्याची धातूची मूर्ती देवळात आहे.

या जुन्या तमिळ पदांत कुबेराचं कर्ज नाही. उलट नम्माळ्वारांच्या एका प्रसिद्ध पदात, ‘क्षणभरसुद्धा दूर होणार नाही’ असं म्हणत लक्ष्मी ज्याच्या छातीवर राहते त्या वेंगडमच्या स्वामीला मी शरण आलो आहे, असा भाव आहे. गाभाऱ्यातल्या मुख्य मूर्तीच्या छातीवरही लक्ष्मी आहे. म्हणजे एका परंपरेत ती तिथून कधी हललीच नाही आणि दुसऱ्या परंपरेत ती करवीरला निघून गेली. तिरुमलाच्या भक्तांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आहे. शुक्रवारी मूर्तीला अभिषेक होतो तेव्हा छातीवरच्या लक्ष्मीलाही होतो आणि तोच भक्त घरी जाऊन मुलांना भृगूच्या लाथेची गोष्ट सांगतो.

तेव्हा ‘मागाहून रचलेलं’ याचं उत्तर ‘हो, पुष्कळसं’ असंच आहे. पण सातबारासुद्धा जमिनीनंतरच तयार होतो. जमीन आधीची, वहिवाट आधीची, नोंद नंतरची. वराहस्वामींचा पहिला मान, हुंडीत टाकलेलं नाणं, कापलेले केस, करवीरशी असलेला सोयरसंबंध, या चालत आलेल्या गोष्टींना कथेनं एका माळेत ओवलं. खोटं म्हणून ती फेकून द्यावी असं त्यात काही नाही. आणि पंचांग काढून विलंब संवत्सराचं इसवी सन शोधत बसणंही फुकट आहे.

## ‘अंबाबाईला कोणाची बायको ठरवायचा अधिकार कोणी दिला?’

हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो धरणाऱ्यांची बाजू मूर्तीतच आहे. कोल्हापूरची देवी चतुर्भुज आहे. तिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मस्तकावर नाग आणि लिंग आहे, मागे सिंह आहे. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं जे वर्णन येतं, ‘मातुलुंगं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’, ते हिला तंतोतंत लागू पडतं. आणि ती महालक्ष्मी म्हणजे विष्णूच्या पायाशी बसणारी लक्ष्मी नव्हे. तिथे ती त्रिगुणात्मक आदिशक्ती आहे; सगळं तिच्यापासून निर्माण होतं, ब्रह्मा-विष्णू-महेशसुद्धा.

करवीरची स्वतःची कथाही वेगळी आहे. देवीनं कोल्हासुराला मारलं, मरताना त्यानं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहावं. ललिता पंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते आणि तिथे कोहळा फोडला जातो. या सगळ्यात भृगू नाही, लाथ नाही, बालाजी नाही. कोल्हापूरकर ‘उदे गं अंबे उदे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कोणाची रुसलेली बायको नसते.

मग वेंकटाचलाची कथा चूक ठरते का? मला तसं वाटत नाही. वेंकटाचल माहात्म्य हे तिरुमलाच्या जागेचं आहे. त्यात करवीरचा उल्लेख ‘इतर हक्का’च्या रकान्यात आहे: इथल्या देवाचं तिकडे देणं लागतं, एवढंच तो सांगतो. करवीरची मालकी कोणाची, हे करवीरच्या माहात्म्यात पाहायचं. एका गावच्या उताऱ्यावरून दुसऱ्या गावच्या जमिनीचा निकाल लावता येत नाही. तिरुमलाहून शालू येतो तो त्यांच्या नोंदीप्रमाणे त्यांच्या कर्तव्याचा भाग म्हणून. कोल्हापूरकरांनी तो घेतला म्हणून अंबाबाईचा सिंह कुठे जात नाही की मस्तकावरचं लिंग पुसलं जात नाही. आलेल्या शालूचा पुढे लिलाव होतो आणि देवीचा प्रसाद म्हणून तो घरी नेण्यासाठी भक्त चढाओढीनं बोली लावतात.

आणि हा पेच एकट्या कोल्हापूरचा नाही. खुद्द तिरुमलाचा देव विष्णू, शिव की कार्तिकेय, यावर एके काळी वाद होता. पहिल्या आळ्वारांपैकी पेयाळ्वारांना या देवात जटा आणि उंच मुकुट, परशू आणि चक्र, दोन्ही एकत्र दिसले आणि दोन रूपं एक होऊन उभी आहेत असं त्यांनी गायलं. परंपरा सांगते की रामानुजाचार्यांनी सगळ्या देवांची आयुधं रात्री गाभाऱ्यात ठेवून दार लावलं आणि सकाळी देवानं शंख-चक्र धारण केलेलं दिसलं. तेव्हापासून तिथे वैष्णव पूजा निर्विवाद झाली, पण पेयाळ्वारांचं पद कोणी गाळलं नाही. आमच्याकडे शालूवरून तावातावानं भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी ते एकदा ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

## ‘कर्जाची गोष्ट हुंडी भरावी म्हणून पसरवली, असं का म्हणू नये?’

पैशाचा आकडा मोठा आहे, त्यामुळे शंका येणं रास्त आहे. देवस्थानाच्या २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात एकूण रक्कम सुमारे ५,१४१ कोटी रुपये होती. त्यात हुंडीतून १,६११ कोटी आणि बँकेतल्या ठेवींच्या व्याजातून १,१६७ कोटी अपेक्षित धरले होते. कापलेल्या केसांच्या लिलावातून येणारे कोट्यवधी रुपये वेगळे.

पण कथेनं पैसा आणला, की आधीपासून येणाऱ्या दानाला कथेनं अर्थ दिला? देवळावर शिलालेखांची जी प्रचंड संख्या आहे त्यांत राजे, व्यापारी, साधी माणसं यांनी दिलेल्या जमिनी, गुरं, सोनं आणि रोजच्या नैवेद्याची तरतूद भरलेली आहे. दान कर्जकथेसाठी थांबलेलं नव्हतं. कथेनं एक केलं: देणाऱ्याची जागा बदलली. एरवी दान देणारा याचक असतो, देवाकडे काही मागायला आलेला. इथे तो देवाच्या अडचणीला धावून आलेला घरचा माणूस होतो. हळदीच्या फडक्यात नाणं बांधून ते वर्षभर देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या आणि मग डोंगरावर नेऊन हुंडीत टाकणाऱ्या बाईला विचारा, ती ‘दान दिलं’ म्हणत नाही. ‘देवाचं होतं, देवाला पोचवलं’ म्हणते. तेलुगू भक्त याच देवाला ‘वड्डीकासुलवाडु’ म्हणतात, म्हणजे व्याजासकट पैसे वसूल करणारा. नवस लांबवला तर तो व्याज लावून घेतो, अशी समजूत आहे. थोडक्यात, देणेकरी तोही आहे आणि आपणही.

पैशाच्या कारभारावर प्रश्न विचारायला या कथेनं कुठे मनाई केलेली नाही. हिशेबाचे प्रश्न विचारायचे ते १९३३ साली स्थापन झालेल्या देवस्थानाला. त्याआधी १८४३ पासून कारभार हाथीरामजी मठाच्या महंतांकडे होता आणि त्याच्याही आधी काही काळ ईस्ट इंडिया कंपनीकडे. माणसं बदलत गेली, तसे हिशेबही बदलले. आज त्याच पैशातून दवाखाने, विद्यापीठाला मदत आणि १९८५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेलं नित्य अन्नदान चालतं. डोंगरावर गेलेला कोणीही तिथे पंगतीला बसू शकतो. या खर्चात कुठे गफलत झाली तर ती दाखवून द्यायलाच हवी. देवाचं कर्ज फेडायला दिलेला पैसा म्हणून तर अधिकच काटेकोरपणे.

## ‘तिरुपतीला गेलं की कोल्हापूरला जायलाच हवं का?’

हे विचारणारे पुष्कळ भेटतात, विशेषतः नवं लग्न झालेली जोडपी. बालाजीचं दर्शन अंबाबाईशिवाय पुरं होत नाही, असं आपल्याकडे मानतात आणि आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून कोल्हापूरला येणाऱ्या गर्दीतल्या अनेकांचीही तीच श्रद्धा असते. तिरुमलावर वराहस्वामींना पहिलं दर्शन हा कथेतला स्पष्ट करार आहे. कोल्हापूरच्या फेरीबद्दल कथेत असा करार नाही. ती लोकांनी आपणहून उचललेली जबाबदारी आहे. जमलं तर जरूर जावं. तिरुपती आणि कोल्हापूर यांच्यात धावणाऱ्या गाडीला रेल्वेनं हरिप्रिया एक्सप्रेस हे नाव दिलं आहे. रेणिगुंटा, गुंतकल, हुबळी, बेळगाव, मिरज करत ती येते. आणि कोल्हापूरला उतरलात तर बालाजीची पत्नी म्हणून एक नमस्कार करा आणि आदिशक्ती म्हणून दुसरा; देवळात दोन्हींना जागा आहे.